बालाघाटातील एक दिवस

महाराष्ट्राचा नकाशा उघडून पाहिला, तर सह्याद्रीच्या मुख्य ओळीपासून हरिश्चंद्रगडाच्या बाजूने फुटून आग्नेयेकडे पसरत गेलेली एक डोंगररांग दिसते. अहिल्यानगर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतून ती जाते. हाच बालाघाट. त्याच्या उत्तरेस गोदावरीचे खोरे आहे, दक्षिणेस भीमेचे. उंचीने तो सह्याद्रीची बरोबरी करीत नाही. सुळके नाहीत, धुके नाही, दऱ्यांत घनदाट अरण्य नाही. माथे बहुधा सपाट, जणू कोणी करवतीने कापून ठेवले आहेत. म्हणूनच की काय, डोंगर हिंडणाऱ्यांच्या तोंडी त्याचे नाव फारसे येत नाही.

पावसाळी वारे सह्याद्रीवर आपले बहुतेक पाणी रिते करून मगच इकडे येतात. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बीड जिल्ह्याच्या वाट्याला साडेसहाशेच्या आसपास येतो, आणि तोही नेमाने येईलच असे नाही. श्रावणात हे डोंगर हिरवे असतात, हे खरे. परंतु माघ सरला की गवत वाळते, ओढे आटतात आणि काळा दगड उघडा पडतो. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. पण जगातील कित्येक वाळवंटे दगडांचीच आहेत. बालाघाट काही वाळवंट नव्हे. तथापि फाल्गुन महिन्यात, भर दुपारी, त्याच्या एखाद्या सोंडेवर एकटा माणूस उभा असेल, तर हा फरक त्याला समजावून सांगणे कठीण जाईल. हे मी अनुभवाने सांगतो.

मला एक गोष्ट डोळ्यांनी पाहायची होती. पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ मांजरा नदी उगम पावते. 724 किलोमीटरांचा प्रवास करून ती गोदावरीला मिळते. त्याच तालुक्यात सौताडा नावाचे गाव आहे. तेथील विंचरणा नदी मात्र दक्षिणेकडे वळते, सीनेला मिळते. सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे या दोन नद्यांच्या मध्ये कोठेतरी अशी एक धार असली पाहिजे, की तिच्या अलीकडे पडलेला थेंब कृष्णेकडे जातो आणि पलीकडे पडलेला गोदावरीकडे. ती धार आपण पायांनी चालून पाहावी, असे माझ्या मनाने घेतले.

सौताड्यास एका परिचितांच्या घरी मी मुक्काम केला. होळीला पाच दिवस उरले होते. माझा बेत ऐकून यजमान म्हणाले, "एकटे जाऊ नका. बरोबर देण्याजोगा माणूस या दिवसांत गावात नाही. सगळे ऊसतोडीला गेलेत. डोंगरात वाट विचारायलाही कोणी भेटणार नाही."

मी हसलो. माझ्याजवळ नकाशा होता, होकायंत्र होते, शिट्टी होती. एक लिटरच्या तीन बाटल्या पाणी, दोन भाकरी, गूळ, शेंगदाणे आणि मिठाची पुडी होती. कोणत्या बाजूने जाणार आणि केव्हा परतणार हे मी त्यांना सांगितले. दिवेलागणीपर्यंत न परतल्यास पूर्वेकडच्या सोंडेवर शोध घ्यावा, असेही बजावले. एवढे एक काम मी शहाणपणाचे केले. बाकीच्या दिवसाविषयी तसे म्हणता येणार नाही.

पहाटे सहाला निघालो. सौताड्याच्या कुशीतच एकाएकी जमीन दुभंगलेली आहे. सपाट माळावरून चालता चालता पुढे पाऊल टाकावे, तो खाली खोल दरी. पायऱ्यांनी उतरून गेले की तळाशी रामेश्वराचे देऊळ लागते. पावसाळ्यात येथे विंचरणा कड्यावरून उडी घेते आणि तो प्रपात पाहण्यास लोकांची दाटी होते. मी गेलो तेव्हा कड्यावर पाण्याची केवळ एक काळसर ओली रेघ उरली होती. उंचावर आग्यामोहोळाची पोळी लोंबत होती. तेथून मी आवाज न करता पुढे गेलो. आग्यामाश्यांना डिवचणे म्हणजे जिवाशी खेळ. मोबाइलवर पाहिले, तर तो केव्हाच मुका झाला होता.

दरीच्या तळातून तासभर चाललो. सावली होती, हवेत गारवा होता. एका घळीतून पलीकडच्या सोंडेवर चढायचे, असे नकाशावरून ठरवले होते. घळ अवघड निघाली. पायांखाली घसारा, म्हणजे सुटे बारीक दगड. एक पाऊल वर टाकावे, तो अर्धे पाऊल खाली यावे. हाताशी धरायला जावे तर बोरीचे काटे. मधूनमधून दगडाचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक रचलेले दिसत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस बाहेर आला आणि एकावर एक पसरत थंड झाला. त्याचेच हे थर. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे विटकरी रंगाच्या मातीचा पट्टा दिसत होता. मी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि पुढे गेलो. दुपारी त्याच पट्ट्याने माझा जीव राखला, पण ते पुढे येईलच.

माथ्यावर पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. पळस फुलले होते. पान एक नाही, नुसती केशरी फुले. धावड्याची झाडे ओकीबोकी उभी होती. कुसळी गवत मोज्यांतून टोचत होते. दूर कोठे तित्तिर ओरडत होता. मी बसलो, भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या बाटलीतले उरलेसुरले पाणी पिऊन टाकले. दोन लिटर संपले होते आणि अर्धी वाटही झाली नव्हती. पण मला काळजी वाटली नाही. नकाशावर पुढे दोन किलोमीटरांवर विहिरीची खूण होती.

येथे नकाशाविषयी थोडे सांगितले पाहिजे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात पाण्याचे दोन रंग असतात. ज्या ओढ्यात पाणी टिकते तो निळ्या रेषेने दाखवतात, कोरडा पडणारा काळ्या रेषेने. माझ्या नकाशावर या डोंगरातून उतरणाऱ्या रेषांचे जाळेच होते आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक रेषा काळी होती. नकाशा मला स्पष्टपणे सांगत होता, आणि मी मात्र त्या एका निळ्या ठिपक्याकडे बघत होतो!

विहीर सापडली. दगडी बांधणीची, जुनी, पायऱ्या असलेली. मी काठावर जाताच आतून पारव्यांचा थवा फडफडत बाहेर आला. तळाशी भेगाळलेली माती होती आणि तीत एक फुटकी बादली रुतलेली होती.

साडेअकरा वाजले होते. ऊन 38 अंशांच्या घरात असावे, पण काळा दगड त्याहून पुष्कळच तापतो. त्यावर तळहात ठेववत नव्हता. घाम येत नाही असे मला वाटत होते आणि ते बरेच लक्षण आहे, अशी माझी समजूत झाली होती. ही समजूत फसवी असते. माठातले पाणी पाझरून बाहेर येते, वाऱ्याने उडून जाते आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठ गार राहतो. आपल्या शरीराचेही तसेच आहे. दमट हवेत घाम अंगावर साचतो, तो आपल्याला दिसतो. कोरड्या वाऱ्यात तो उमटताक्षणी उडून जातो. अंग कोरडे भासते आणि शरीर मात्र तासाला अर्धा ते एक लिटर पाणी गमावीत असते. पाण्याबरोबर मीठही जाते. माठ पाझरत राहण्यासाठी त्यात पाणी असावे लागते. आतले पाणी संपत आले, की आधी तोंड चिकट होते, मग डोके ठणकते, मग विचार मंदावतो. शेवटी घाम खरोखरच थांबतो आणि अंग तापू लागते. तेथून पुढे माणसाला स्वतःच्या बळावर परतणे बहुधा साधत नाही.

माझ्यापुढे दोन मार्ग होते. आल्या वाटेने परतावे, तर तोच घसारा उतरायचा आणि मग देवळाच्या पायऱ्या चढायच्या. सरळ पुढे माळ तुडवीत डांबरी रस्ता गाठावा, तर सावलीचे एक झाड नाही. मी तिसराच मार्ग काढला. सोंडेच्या दक्षिण अंगाला एक बारीक पायवाट दिसत होती. ती कड्याच्या कडेने वळून गावाकडे जात असणार, असे मी धरून चाललो. ती माणसांची वाट नव्हती, शेळ्यांची होती. शेळीला जेथे जाता येते तेथे माणसाला जाता येतेच असे नाही, एवढे माझ्या तापल्या डोक्यात शिरले नाही.

वाट अरुंद होत गेली. एके ठिकाणी घसाऱ्याचा पट्टा आडवा आला. मी त्यावर पाऊल टाकले आणि दोन्ही पाय एकदमच सरकले. चारपाच हात खाली घसरलो असेन. हाताला तरवडाचे झुडूप लागले, ते घट्ट धरले. झुडूप उपटले नाही. पण तिसरी बाटली, जीत अर्धा लिटर पाणी होते, पिशवीतून निसटली. ती दगडावर आपटत खाली जात असल्याचा आवाज मला पुष्कळ वेळ ऐकू येत होता. मग तोही थांबला.

हात खरचटला होता, गुडघा दुखावला होता. सरपटतच मागे आलो. एका पुढे आलेल्या दगडाखाली वीतभर सावली होती, तीत अंग चोरून बसलो. साडेबारा वाजले होते. आता उन्हात चालणे म्हणजे उरलेसुरले पाणीही अंगातून घालवणे. बसून राहावे, तर उन्हाची वेळ तरी टळेल. मी बसण्याचे ठरवले. दर पंधरा मिनिटांनी तीनदा शिट्टी वाजवायची, एवढेच काम ठेवले. ऐकणारे कोणी नव्हते.

लहानपणी वाचलेली एक हकिगत मला तेथे आठवली. स्वेन हेडिन नावाचा स्वीडिश प्रवासी 1895 साली मध्य आशियातील तक्लामकान वाळवंट ओलांडत होता. दहा दिवसांचे पाणी भरून घ्या, असे त्याने नोकरांना सांगितले होते. त्यांनी चारच दिवसांचे भरले, आणि ते वाळवंटात शिरल्यावर उमगले. माणसे आणि उंट पडत गेले. अखेर हेडिन सरपटत खोतान नदीच्या पात्राशी पोचला. पात्र कोरडे होते, पण त्यात एक डोह सापडला. तो प्याला, आणि मागे पडलेल्या कासीम नावाच्या सोबत्यासाठी आपल्या पायांतल्या बुटांत पाणी भरून घेऊन गेला. लहानपणी मला ती बुटांची गोष्ट गमतीची वाटली होती. त्या दगडाखाली बसलो असताना तिच्यात गंमत वाटली नाही. हेडिनला नोकरांनी फसवले होते. मला माझ्याखेरीज कोणीच फसवले नव्हते.

तीनच्या सुमारास घुंगरांचा आवाज आला. आधी वाटले, कानांत वाजते आहे. मग वरच्या अंगाला एक शेळी दिसली, मग दुसरी, आणि त्यांच्यामागून एक मुलगा. वय असेल अकरा-बारा वर्षांचे. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात काठी. त्याने कड्यावरून खाली डोकावून माझ्याकडे नीट पाहिले.

"शिट्टी तुमीच वाजवलाव का, काका?"

मी मान हलवली. जीभ टाळूला चिकटली होती.

"पानी संपलं व्हय?"

मी पुन्हा मान हलवली. त्याच्याजवळही पाणी नव्हते. त्याची प्लॅस्टिकची बाटली कमरेला रिकामीच लटकत होती. तो उड्या टाकीत खाली आला, माझ्या गुडघ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आता बसू नगा. लई लांब न्हाई. माझ्या पावलावर पाऊल टाका, बाजूला टाकू नगा."

त्याने मला पुन्हा वर घेतले आणि पलीकडच्या एका ओढ्यात उतरवले. ओढा ठणठणीत कोरडा होता. पण वळणाला, कड्याच्या पायथ्याशी, एक हिरवेगार झाड उभे होते. सगळा डोंगर करपलेला आणि ते एकटेच हिरवे.

"उंबर," तो म्हणाला. "जिथं उंबर, तिथं पानी."

उंबराच्या बुडाशी वाळू होती. त्याने चपट्या दगडाने आणि हातांनी खड्डा खणायला सुरुवात केली. हातभर खोल गेल्यावर वाळूचा रंग बदलला. ती काळपट, ओली लागू लागली. थोड्याच वेळात तळाशी पाणी जमू लागले, गढूळ. ते त्याने ओंजळीने उपसून टाकले. पुन्हा जमले, तेही उपसले. तिसऱ्यांदा पाणी हळूहळू वर आले ते निवळ. आमच्याकडे या खड्ड्याला झिरा म्हणतात. मुलाने पळसाचे वाळके पान दुमडून द्रोण केला, डोक्याचा टॉवेल त्यावर धरून पाणी गाळले आणि द्रोण माझ्या हाती दिला.

"घटाघटा पिऊ नगा. पोटात दुखंल."

उकळल्यावाचून असे पाणी पिऊ नये, हे मी दुसऱ्या कोणालाही सांगितले असते. त्या वेळी मी ते प्यालो. एकेक घोट, मध्ये थांबून. मिठाची पुडी शिल्लक होती, तिच्यातली चिमूट आणि गुळाचा खडा तोंडात टाकला. पाण्याला मातीचा आणि पानांचा वास होता. त्याहून चांगले पाणी मी आजवर प्यालो आहे, पण मला त्याची आठवण नाही.

मुलगा मात्र अजून प्याला नव्हता. मी पुरे म्हटल्यावर तो प्याला. मग दहा पावले खाली जाऊन त्याने शेळ्यांसाठी वेगळा खड्डा केला. माणसांच्या झिऱ्यात शेळ्यांनी तोंड घालायचे नाही, हा त्याचा नेम होता.

डोके ताळ्यावर आल्यावर मी मान वर करून पाहिले. उंबराच्या मागे कड्यात तोच विटकरी पट्टा होता, जो मी सकाळी घळीत पाहिला होता. माथ्यावर पडलेले पावसाचे पाणी काळ्या दगडाच्या फटींतून खाली झिरपत जाते. असा घट्ट मातीचा थर लागला की ते अडते आणि थराच्या उताराने बाजूला सरकत जाते. जेथे ओढ्याने डोंगर कापला आहे, तेथे ते बाहेर पाझरते. उन्हाळ्यात पाझर इतका बारीक होतो की डोळ्यांना दिसत नाही, पण उंबराच्या मुळांना तो पुरतो. सहाव्या शतकात वराहमिहिराने आपल्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात 'दकार्गल' नावाचे एक प्रकरणच लिहिले आहे. कोणते झाड कोठे असल्यास, वारूळ कोणत्या बाजूस असल्यास जमिनीखाली पाणी असते, याचा त्यात विचार केला आहे. त्याचे सगळे ठोकताळे आजच्या कसोटीला उतरतील असे नाही. परंतु या मुलाने तो ग्रंथ पाहिला नव्हता, आणि मी पाहिला होता. तहानेने मरायला टेकलो होतो तो मी.

"तुला हे कोणी शिकवले?" मी विचारले.

"शिकवायचं काय त्यात? म्हातारीनं दावलं. म्हातारीला तिच्या सासूनं."

त्याची वस्ती जवळच होती. घरे अकरा. त्यांपैकी नऊ घरांना कुलपे होती. अंगणांत पालापाचोळा साचलेला, एका दारावर दिवाळीच्या तोरणाचा वाळलेला दोरा तसाच लोंबत होता. यजमानांच्या बोलण्याचा अर्थ मला तेथे उभा राहिल्यावर कळला. बीड जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे साखर कारखान्यांच्या मुलखात ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर तोडणी करून ती फेडायची. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजणी अशी अवजाराच्या नावाने होते, हे मला फार दिवस खटकत आले आहे. हंगाम संपला की, पाडव्याच्या मागेपुढे, माणसे परत येतात. तोवर गावात राहतात ती म्हातारी माणसे आणि काही मुले. कित्येक मुले आईबापांबरोबर जातात आणि त्यांची शाळा मध्येच तुटते. गावी राहणाऱ्यांसाठी काही ठिकाणी शाळेतच हंगामी वसतिगृह चालवतात. हा मुलगा आजीपाशी राहून शाळेत जात होता. त्या दिवशी रविवार होता, म्हणून शेळ्यांमागे आला होता. मी शनिवारी निघालो असतो तर, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

आजी दारातच बसली होती. मला पाहताच तिने काही विचारले नाही. आत जाऊन तांब्या घेऊन आली.

"पे, लेकरा."

"आजी, आत्ताच प्यालो. नातवाने पाजले."

"झिऱ्याचं पेलास. हे निवळलेलं हाय. पे."

घरात एकच हंडा भरलेला होता. त्यातले पाणी कोठून येते आणि कसे येते, हे मी तासाभरापूर्वी पाहिले होते. त्यामुळे तांब्या तोंडाला लावताना हात अडखळला. तिने ते पाहिले असावे. "पान्याला न्हाई म्हनू नये," एवढेच ती बोलली. मग तिने भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. खिशातले पैसे काढण्याचा विचार माझ्या मनात आला होता, तो मी तेथेच सोडून दिला.

समोरच्या माळावर मातीचा एक लांब बांध दिसत होता. मी विचारले, तेव्हा म्हातारीचा चेहरा जरा उजळला. 1972 च्या दुष्काळात सरकारने ठिकठिकाणी कामे काढली. खडी फोडली गेली, रस्ते झाले, पाझर तलाव झाले. हा तलाव तेव्हाचाच. "चौदा वर्साची व्हते मी. आईसंगं माती व्हायली. सुकडी मिळायची खायला," ती म्हणाली. तलावात आता पाणी नव्हते. पण पावसाळ्यात तो भरतो आणि हळूहळू जमिनीत मुरतो. उंबराच्या झिऱ्याला फाल्गुनातही पाणी असते, त्याचे थोडेसे श्रेय चौदा वर्षांच्या त्या मुलीच्या टोपल्यांना असेल.

ऊन उतरल्यावर मुलगा हंडा घेऊन झिऱ्याकडे निघाला, तेव्हा मीही उठलो. हंडा भरणे म्हणजे काय, ते मला माहीत नव्हते. झिऱ्यात तांब्याभर पाणी जमायचे, ते काढायचे, पुन्हा जमेपर्यंत थांबायचे. हंडा भरायला पाऊण तास लागला. परतताना तो मी खांद्यावर घेतला. पंधरा लिटर तरी पाणी असेल. तेवढ्या चढावर मी तीनदा टेकलो. सकाळी तीन लिटरांचे ओझे पाठीवर घेऊन मी मोठ्या मोहिमेवर निघालो होतो.

मला रस्त्याला लावून देण्यासाठी मुलगा माथ्यापर्यंत आला. सूर्य टेकला होता; दशमीचा चंद्र आधीच वर आला होता. उत्तरेकडे माळ चढत जाऊन एक लांब, सपाट धार झाली होती. तीच मला गाठायची होती. मी त्याला ती दाखवली आणि सांगितले की, तिच्या पलीकडचे पाणी मांजरेतून गोदावरीला जाते.

"आन् हिकडचं?"

"तुमच्या ओढ्याचे पाणी विंचरणेला जाते, मग सीनेला, मग भीमेला. सोलापूर जिल्ह्यातून."

तो थोडा वेळ ओढ्याकडे पाहत राहिला.

"सोलापुराकडंच गेलीत माझी आईबाप. उसाला," तो म्हणाला. "म्हंजी पानी बी तिकडंच जातंय."

मला उत्तर सुचले नाही. मी गळ्यातली शिट्टी काढून त्याला देऊ लागलो. त्याने घेतली नाही. "तुमच्यापाशी असू द्या. रस्त्याला लागला की वाजवा तीनदा. म्हातारी वाट बघत बसंल न्हाईतर."

चांदण्यात पायवाट स्वच्छ दिसत होती. अर्ध्या तासाने डांबरी रस्ता लागला. सौताड्याचे दिवे दिसत होते आणि कोणीतरी विजेरी हलवीत याच बाजूने येत होते. ते यजमानच असणार. मी मागे वळून डोंगराकडे तोंड केले आणि तीनदा शिट्टी वाजवली. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग अगदी वरून, पाझर तलावाच्या बाजूने, एक लांब आरोळी आली.